सैनिकाच्या घरची बेगमी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या सैनिक-कुटुंबांच्या मेळाव्यांत एका सैनिकपत्नीनें केलेलें भाषण)



सैनिकांच्या कुटुंबांना उपयोगी पडतील असे चार शब्द मीं बोलावे, अशी आज्ञा फादरसाहेबांकडून झाली, तेव्हां मी प्रथम संकोचलें. मी कांहीं व्याख्यान देणारी विदुषी नव्हें. परंतु चोवीस वर्षें मीं एका शिपायाचा संसार केला आहे. माझे यजमान खडकीच्या बॉम्बे इंजिनियर ग्रुपमध्यें शिपाई म्हणून दाखल झाले व २०१७ सालीं सुभेदार होऊन घरीं परतले. तेवढ्या अवधींत आम्हीं नऊ घरें मांडलीं आणि नऊ मोडलीं. घर मांडावें कसें हें पुष्कळींना येतें. पण तेंच घर दर दोन-तीन वर्षांनीं मोडून परक्या हवेंत, परक्या भाषेच्या शेजारांत पुन्हां मांडावें कसें, हें ज्यांना शिकावें लागतें, त्या भगिनींपैकीं कित्येक आज माझ्यासमोर बसल्या आहेत. त्यांच्यासाठीं, व ज्यांचे मुलगे अलीकडे अग्निवीर म्हणून गेले आहेत त्या मातांसाठीं मी बोलणार आहें.

आपल्याकडे मृगाचें नक्षत्र लागण्यापूर्वीं घरांत बेगमी करण्याची चाल आहे. धान्य उन्हांत वाळवून, कणग्या भरून, सरपण कोरड्या जागीं रचून, छपराचीं कौलें चाळून मग शेतकरी निश्चिंत मनानें पावसाची वाट पाहतो. कोंकणांत हिलाच आगोटीची बेगमी म्हणतात. फौजेंतही हाच रिवाज आहे. हिमालयांतील कित्येक चौक्यांची वाट हिंवाळ्यांत बर्फानें बंद होते. म्हणून तेथील पिठामिठापासून रॉकेलपर्यंतचा सारा सांठा उन्हाळ्याच्या थोड्या महिन्यांत वर चढवून ठेवतात. शिपाई ज्या नियमानें चौकीवर जगतो, तो नियम त्याच्या घरानें कां विसरावा? मला आज एवढेंच सांगावयाचें आहे कीं, ऋतु येण्यापूर्वीं त्याची बेगमी झालेली असावी. आणि ती जशी धान्याची व कागदांची, तशीच माणसांचीही असावी. पहिल्या दोन मीं बऱ्या केल्या. तिसरी केली नाहीं, आणि तेवढ्यापायीं माझीं दोन्ही लेंकरें मी गमावून बसलें असतें. ती हकीकत पुढें येईल.

प्रथम उन्हाळ्याकडे वळूं. मुलांच्या परीक्षा आटोपल्या म्हणजे बदलीचें सामान बांधावयाचें, हा आपल्या घरांचा नेहमींचा क्रम. म्हणजे बिऱ्हाड हलतें तें बहुधा वैशाखाच्या ऐन उन्हांत. आपल्या काळ्या ट्रंकांवर पांढऱ्या रंगानें नंबर, हुद्दा व नांव ठळक लिहिलेलें असतें. पण आंत काय भरलें आहे हें कोणी लिहीत नाहीं. मग नव्या घरीं पहिल्याच रात्रीं मुलाला ताप यावा, आणि औषधाची बाटली अकराव्या ट्रंकेच्या तळाशीं असावी! म्हणून एक ट्रंक 'पहिल्या रात्रीची' म्हणून निराळी भरावी. तींत एक पातेलें, तवा, चहा-साखर, दोन दिवसांचें पीठ व तांदूळ, चादरी, बॅटरी, मेणबत्ती व आगपेटी, औषधें, आणि प्रत्येक मुलाचा एकेक जोड कपडे असावे. ती सर्वांच्या शेवटीं गाडींत चढवावी व सर्वांच्या आधीं उतरवावी. बाकीच्या ट्रंकांच्या झांकणाला आंतून यादी चिकटवावी.

कागदांची पिशवी मात्र कोणत्याही ट्रंकेंत घालूं नये. ती आपल्या हातांत असावी. लग्नाचा दाखला, मुलांच्या जन्माचे व बाप्तिस्म्याचे दाखले, आधारकार्डें, शाळा सोडल्याचे दाखले, इस्पितळाचीं कार्डें, बँकेचें पुस्तक, इतके कागद तींत हवेतच. नव्या सुनांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. लग्न झालें किंवा मूल जन्मलें, कीं त्याची नोंद फौजेच्या दप्तरीं 'पार्ट टू ऑर्डर'मध्यें व्हावी लागते. देवळाच्या नोंदवहींत नांव चढलें म्हणजे तें फौजेच्या दप्तरांत आपोआप जात नाहीं. शिवाय आपल्या लोकांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नांव, शाळेंत दुसरें आणि फौजेंत तिसरें, असें फार होतें. तरुणपणीं याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. पण पुढें पेन्शनच्या वेळीं, आणि तेंही बहुधा नवरा हयात नसतांना, त्या तीन नांवांचा मेळ घालीत बिचारीला कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागतात. नांवें व जन्मतारखा सर्व कागदांवर एकसारख्या आहेत कीं नाहीं हें पाहण्यास एक दुपार पुरे. ती दुपार या उन्हाळ्यांतच काढा.

आम्हीं दोन उन्हाळे जोधपुरास काढले. तेथील ऊन आणि आपल्या नाशिककडील ऊन यांत पुष्कळ अंतर आहे. तेथें शेजारणींनीं मला शिकविलें कीं, खिडक्या पहांटे उघडाव्या, उन्हें चढतांच पडदे सोडून लावून घ्याव्या, आणि वाळ्याचे पडदे भिजवून वाऱ्याच्या बाजूस टांगावे. पाण्याचा कूलर अशा कोरड्या हवेंत उत्तम काम देतो, कारण पाण्याची वाफ होतांना तें हवेंतील उष्णता ओढून घेतें. परंतु समोरची खिडकी थोडी उघडी नसेल, तर दमट हवेला बाहेर वाट राहत नाहीं व खोली गार होण्याऐवजीं नुसती ओलसर होते. तोच कूलर कोंकणांत फारसा उपयोगी नाहीं. तेथें हवाच पाण्यानें भरलेली असते. सांगण्याचें तात्पर्य हें कीं, नव्या गांवीं गेल्यावर आपल्या गांवच्या रीति तेथें लादूं नयेत. तेथील बायका कशा राहतात हें पाहून शिकावें.

कोणाला ऊन लागलें, अंग फणफणलें, तो बरळूं लागला किंवा घेरी येऊन पडला, तर वेळ दवडूं नये. त्याला सावलींत घ्यावें, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा, मान व कांखा यांवर गार फडकीं ठेवावीं, आणि त्याच वेळीं इस्पितळास कळवावें. तो शुद्धीवर नसेल तर तोंडांत पाणी घालूं नये. जुलाब-वांत्यांनीं मूल थकलें आणि औषधाच्या दुकानांतील पुडी हाताशीं नसली, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून तें घोट घोट पाजावें. मीठ याहून अधिक घालूं नये. हें प्रमाण मीं स्वयंपाकघराच्या दाराआड लिहून ठेवीत असें. रात्रीं दोन वाजतां स्मरणशक्तीवर विसंबूं नये.

आतां पावसाळा. डेंग्यूचा डांस घाणींत जन्मतो अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नव्हे. तो सांठवलेल्या स्वच्छ पाण्यांत, पिंपांत, कूलरांत, फुलदाणींत, कुंडीखालच्या ताटलींत अंडीं घालतो, व चावतो दिवसा. अंड्यापासून डांस होण्यास आठवडा-दहा दिवस लागतात. यासाठीं आठवड्यांतून एक दिवस सर्व भांडीं रिकामीं करून, आंतून घासून, कोरडीं करावीं. नुसतें पाणी ओतून भागत नाहीं, कारण अंडीं भांड्याच्या कडेला चिकटून राहतात व कोरडींही महिनोन्‌महिने टिकतात. हिंवतापाचा डांस रात्रीं चावतो. आम्ही आसामांत तेजपूरला होतों तेव्हां मच्छरदाणीशिवाय निजणें म्हणजे तापाला बोलावणें पाठविणेंच होतें. पायाला जखम असतां सांचलेल्या पाण्यांतून चालूं नये. उंदरांच्या मुतानें दूषित झालेल्या पाण्यांतून लेप्टोस्पायरोसिसचा ताप येतो. धान्याची बेगमी उन्हाळ्यांतच वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून, घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावी. परंतु बदलीची बातमी असेल त्या सालीं थोडीच भरावी. माझे दोन मण गहूं एकदां असेच वाटून टाकावे लागले.

पावसाळ्यासंबंधानें आणखी एक गोष्ट आहे. ती डब्यांत भरतां येत नाहीं. यजमान दूर सीमेवर, दिवसेंदिवस उन्हाचें दर्शन नाहीं, मुलें घरांत कोंडलेलीं, कपडे वाळत नाहींत आणि फोन लागत नाहीं, अशा दिवसांत मन फार खचतें. झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, मुलांवर हात उठतो. हा आपल्या स्वभावाचा दोष आहे असें समजून कित्येक जणी निमूटपणें सोसतात. तसें करूं नये. ताप आला तर आपण डॉक्टरकडे जातों, त्यांत लाज मानीत नाहीं. हाही तापच आहे. सरकारनें २०२२ सालीं 'टेलि-मानस' नांवाची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस केव्हांही फोन करून आपल्या भाषेंत बोलतां येतें, त्यास पैसे पडत नाहींत. छावणींत असाल तर सैनिकांच्या पत्नींचें 'आवा' मंडळ १९६६ पासून चालत आलें आहे. त्याच्या बैठकीला केवळ हजेरीसाठीं जाऊं नका, ओळखी करण्यासाठीं जा.

येथें मी हिंवाळ्याकडे येतें, आणि मघां म्हटलेल्या हकीकतीकडेही.

२००६ सालीं आम्ही जालंदरला होतों. यजमानांची लडाखांत नेमणूक झाली, आणि दोन मुलांसह मी तेथील क्वार्टरांत मागें राहिलें. मुलगी पांच वर्षांची, मुलगा दोन वर्षांचा. नवें क्वार्टर मिळून दोन महिने झाले होते. मला त्यांची पंजाबी समजत नसे, माझी हिंदी मोडकीतोडकी; म्हणून मी दार लावून आपल्या कामांत राहत असें. शेजारणी समोर आल्या तर मान हलवावी, एवढाच संबंध. 'आपण बरें, आपलें काम बरें' याचा मला त्या वेळीं अभिमानही वाटे. डिसेंबरांतील एका रात्रीं थंडीचा कडाका पडला. मीं दगडी कोळशाची सिगडी खोलींत आणली, दाराच्या फटींत फडकीं कोंबलीं, खिडकी घट्ट लावली आणि मुलांना कुशींत घेऊन निजलें.

त्यानंतर मला आठवतें तें एवढेंच, कीं मी व्हरांड्यांतल्या गार फरशीवर पडलें आहें, आणि कोणी एक बाई माझ्या मुलाच्या पाठीवर थापट्या मारीत मोठमोठ्यानें हांका मारीत आहे. शेजारच्या शीख हवालदाराची ती पत्नी. आठ वाजले तरी माझ्या दारांतली दुधाची पिशवी तशीच पडलेली तिनें पाहिली, दार ठोठावलें, आंतून ओ येईना, तेव्हां तिनें हातांतल्या लाटण्यानें खिडकीची कांच फोडली. आम्हां तिघांनाही लष्करी इस्पितळांत प्राणवायु द्यावा लागला. देवाच्या कृपेनें तिघेंही वांचलों. ज्या बाईनें माझीं लेंकरें मला परत दिलीं, तिचें नांवही त्या सकाळपर्यंत मला ठाऊक नव्हतें.

निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु निघतो. त्याला रंग नाहीं कीं वास नाहीं. तो रक्तांतील प्राणवायूची जागा बळकावतो व निजलेला माणूस उठतच नाहीं. डोकें जड होणें, मळमळणें, पाय लटपटणें हीं त्याचीं चिन्हें. एकाच खोलींतील दोघां-तिघांना एकदम तसें होऊं लागलें तर सर्वांनीं तत्काळ मोकळ्या हवेंत जावें. जालंदर दूर आहे, येथें काय त्याचें, असें कोणी म्हणूं नये. निफाडकडील थंडी आपणां सर्वांस ठाऊक आहे. आणि आतां आपल्या घरोघरीं न्हाणीघरांत गॅसचे गिझर बसले आहेत. बंद न्हाणीघरांत तो गिझर तेंच करतो, जें माझ्या सिगडीनें केलें. गिझर बाहेरच्या मोकळ्या बाजूस बसवावा, न्हाणीघराला कायमचा झरोका असावा, व बादली भरून गिझर बंद केल्यावरच स्नानास बसावें. शेकोटी, सिगडी पेटवून कधींही निजूं नये. ऊब हवी तर एकावर एक दोन गोधड्या घ्याव्या. अंगाखालींही एक घालावी, कारण थंडी जमिनींतूनही येते.

या हकीकतीचा दुसराही भाग आहे, आणि तो सांगतांना मला पहिल्याहून अधिक जड जातें. त्या दिवसांत यजमानांचा आठवड्यांतून एकदां फोन येई. त्या आठवड्यांत फोन आला तेव्हां मीं सांगितलें, "इकडे सर्व ठीक आहे." दूर बर्फांत असलेल्या माणसाच्या जिवाला घोर कशाला, असा माझा विचार. तेही म्हणाले, "इकडेही सर्व ठीक आहे." पुढें मार्च महिन्यांत ते रजेवर आले. आल्या संध्याकाळींच शेजारच्या हवालदारानें त्यांना कांच फोडल्याची गोष्ट सांगितली. ते घरांत येऊन कितीतरी वेळ बोलले नाहींत. मग त्यांनीं पायमोजा काढला. बर्फानें त्यांच्या उजव्या पायाचें एक बोट गेलें होतें, आणि तेंही मला ठाऊक नव्हतें. आम्हीं दोघांनींही एकमेकांना सुखाच्या गोष्टी कळविल्या होत्या, आणि त्यामुळें आम्ही दोघेंही आपापल्या ठिकाणीं एकटीं पडलों होतों. त्या रात्रीं आम्हीं ठरविलें, कीं खरें असेल तें सांगावयाचें. परंतु त्याबरोबर, मदतीस कोण आलें हेंही सांगावयाचें. "मुलाला ताप आहे" एवढेंच ऐकून शिपाई तळमळतो; "मुलाला ताप आहे, शेजारच्या भाभींबरोबर डॉक्टरकडे जाऊन आलें" हें ऐकून तो निजूं शकतो. म्हणजे खरें सांगतां येण्यासाठींही आधीं माणसांची बेगमी पाहिजे.

ही बेगमी नव्या गांवीं पहिल्या आठवड्यांतच करावी. दोन्ही बाजूंच्या शेजारणी, पलटणींतील एखादी वडीलधारी बाई, डॉक्टर, मुलांच्या वर्गाच्या बाई, आणि तेथील देवळाचे फादर, यांच्याकडे स्वतः जावें, नांव सांगावें, नांव विचारावें व फोनचे क्रमांक दाराआड लिहून ठेवावे. भाषा येत नसेल तर वाटीभर कांहीं गोडधोड घेऊन जावें. वाटी कोणत्याही भाषेंत समजते. आणि आपणही दुसरीच्या दाराकडे सकाळीं एकदां पाहावें. दुधाची पिशवी आंत गेली कीं नाहीं, एवढें पाहण्यास कांहीं लागत नाहीं.

रजेविषयीं दोन शब्द बोलतें. शिपायाला वर्षाची साठ दिवस वार्षिक व तीस दिवस कॅज्युअल अशी रजा असते. ती पुष्कळदां तुकड्यांनींच पदरांत पडते. त्यामुळें तो आल्या दिवशींच सारीं कामें, साऱ्या तक्रारी, सारे नातलग त्याच्यापुढें मांडण्याची आपल्याला घाई होते. परंतु पाहा: शिपाई नऊ हजार फुटांच्या वर चढतो तेव्हां फौज त्याला पहिले सहा दिवस त्या हवेची संवय होऊं देते, बारा हजारांवर आणखी चार दिवस, पंधरा हजारांवर आणखी चार. घाई केली तर माणूस दगावतो. मग तोच शिपाई खालीं घरीं उतरतो तेव्हां त्याला चार-सहा दिवस आपण कां देऊं नयेत? भांडें पडलें तर तो दचकेल, रात्रीं उठून बसेल, मुलांच्या गलबल्यानें चिडेल. त्याचा अर्थ त्याची माया आटली असा नव्हे. त्याला पोटभर निजूं द्यावें, मुलांना हळूहळू त्याच्याजवळ जाऊं द्यावें. दुसऱ्या बाजूनें, घरच्या कर्त्या पुरुषानेंही ध्यानांत ठेवावें, कीं तो नसतांना हें घर कोणीतरी चालविलें आहे. आल्याबरोबर डब्यांच्या जागा बदलूं नयेत. आणि आपण भगिनींनीं, त्याच्यावांचून सर्व निभावलें तरी, एखादें काम त्याच्यासाठीं राखून ठेवावें. आमच्या घरीं मुलीच्या सायकलीची दुरुस्ती बाबांचीच असे. सायकल दोन-दोन महिने पंक्चर पडून राही, पण मुलगी ती दुसऱ्या कोणाला हात लावूं देत नसे. घरांत आपली जागा रिकामी राहिली आहे, हें दिसण्यासारखें सुख शिपायाला दुसरें नाहीं.

शेवटीं आपल्या धर्मग्रामाला एक विनंती करून मी खालीं बसतें. महोत्सवाचा मांडव उद्यां उतरेल. परंतु ज्या घरांतील मुलगा, नवरा किंवा बाप आज सीमेवर आहे, अशा घरांची एक यादी या महोत्सवानिमित्त आपल्या देवळांत लिहिली जावी; आणि वर्षांतून तीन वेळां, उन्हाळ्याच्या तोंडीं, मृगाच्या आधीं व नाताळच्या अगोदर, शेजारच्या दोघा-चौघांनीं त्या प्रत्येक घरीं जाऊन यावें. उपदेश करूं नये. छपर गळतें का, कागद बरोबर आहेत का, गिझर कोठें बसविला आहे, म्हाताऱ्या सासूचें औषध कोण आणतें, एवढें विचारावें, आणि चहा घेऊन यावें. वर्गणी लागत नाहीं, कमिटी लागत नाहीं. सकाळीं दाराकडे पाहणारा एक डोळा लागतो. जालंदरला तो होता, म्हणून माझीं मुलें आज येथें मागच्या बांकावर बसलीं आहेत.